दोन तबकड्यांचा षड्ज

नृत्यगृहात रात्रभर अखंड संगीत वाजत ठेवण्याचा जो व्यवसाय विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत नावारूपाला आला, त्याच्या इतिहासात लयीचे प्रकरण जितक्या विस्ताराने लिहिले गेले आहे, तितके स्वराचे लिहिले गेलेले नाही. याचे कारण उघड आहे. लय चुकली की नाचणाऱ्याचा पाय तत्क्षणी अडखळतो आणि चूक करणाऱ्याची भर मजलिशीत फजिती होते. स्वर चुकला तर नेमके काय खटकले हे बहुतेकांना सांगताही येत नाही, मघाशी जमलेला रंग थोडासा उतरल्यासारखा वाटतो एवढेच, आणि खापर फुटते ते पुढल्या बिचाऱ्या गाण्यावर. तबकड्या वाजवणाऱ्या या कलावंताला जगभर डीजे म्हणतात. आपल्याकडे मिरवणुकांच्या कृपेने ते नाव ट्रकवर रचलेल्या कर्ण्यांच्या भिंतीला चिकटले असल्यामुळे आरंभीच खुलासा केलेला बरा, की प्रस्तुत लेखाचा विषय ती भिंत नव्हे. एक गाणे सरत असताना त्याच्यावर दुसरे अशा बेताने चढवावे की दोहोंचे षड्ज परस्परांशी भांडू नयेत, ही जी विद्या, तिचा हा वृत्तान्त आहे. इंग्रजीत तिला हार्मोनिक मिक्सिंग म्हणतात; आपल्या पेटीवाल्यांच्या बोलीत सांगायचे तर पट्टी जुळवणे. ही विद्या प्रथम कानात होती, कानातून ती वहीत उतरली, आणि वहीतून यंत्रात गेली. या स्थित्यंतरात कलेची मोठी हानी झाली असे जुने जाणकार म्हणतात. मला ते तितकेसे पटत नाही.

१९७० च्या सुमारास न्यूयॉर्क शहरात, एके काळी जर्मन बाप्टिस्ट पंथीयांचे प्रार्थनामंदिर असलेल्या वास्तूत, सँक्च्युअरी नावाचे नृत्यगृह चालत असे, आणि जेथे पूर्वी वेदी होती तेथेच डीजेचे मेज मांडलेले असे. या मेजामागे उभा राहणारा फ्रान्सिस ग्रासो हा तरुण या व्यवसायाचा आद्य पुरुष मानला जातो. फिरत्या थाळीवर तबकडी बोटाने अलगद रोखून धरायची, खालची थाळी तशीच फिरू द्यायची, आणि पहिल्या गाण्याची सम येताच बोट उचलायचे, हा त्याचा हातखंडा; शिवाय दोन गाण्यांच्या मात्रा जुळवून ती काही काळ एकत्र चालवण्याचे श्रेयही बहुधा त्यालाच दिले जाते. त्याची एक जुळणी तर दंतकथेसारखी सांगितली जाते. शिकागो या वाद्यवृंदाच्या 'आय ॲम अ मॅन' या गाण्यात मध्येच केवळ तालवाद्यांचा तुकडा येतो. त्या तुकड्यावर ग्रासो लेड झेपेलिनच्या 'होल लॉटा लव्ह' मधील गायकाचे हुंकार आणि चीत्कार सोडीत असे, आणि ऐकणाऱ्याला वाटे की हे तिसरेच गाणे आहे. आता या जुळणीकडे स्वराच्या दृष्टीने पाहिले तर तिची खुबी ध्यानात येते. खाली नुसता ताल आहे, वर नुसता आवाज आहे. दोन सुरावटींची गाठ कोठे पडतच नाही. म्हणजे स्वराचा प्रश्न ग्रासोने सोडवला नव्हता, मोठ्या चातुर्याने टाळला होता.

पुढल्या पिढीने हाच टाळण्याचा मार्ग वहिवाटीचा केला. नृत्यासाठी खास काढलेल्या बारा इंची तबकड्यांत गाण्याच्या आरंभी आणि अखेरीस नुसत्या तालाची सोळा किंवा बत्तीस आवर्तने ठेवण्याचा प्रघात पडला, तो केवळ डीजेच्या सोयीसाठी. एका गाण्याची शेपटी आणि दुसऱ्याचे मुख परस्परांवर ठेवावे, दोन्हीकडे ढोलाखेरीज काही नसावे, आणि हद्द बिनतक्रार ओलांडावी. डिस्कोच्या आणि हाऊसच्या ऐन भराच्या काळात असंख्य उत्तम डीजे पट्टीचा विचार जन्मात न करता नांदले, आणि त्यांच्या रात्री काही बेसूर झाल्या नाहीत.

परंतु ज्याला दोन सुरावटी प्रत्यक्ष एकमेकींवर ठेवायच्या होत्या, त्याच्या वाटेत यंत्रच आडवे उभे होते. तबकडीवरील ध्वनी खाचेत कोरलेला असतो. थाळी मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेऱ्या घेते तेव्हा तो मूळ स्वरात ऐकू येतो, आणि थाळीचा वेग वाढवला की लयीबरोबर स्वरही चढतो. या दोहोंची फारकत करता येत नाही. मात्सुशिता कंपनीने १९७२ साली टेक्निक्स एस-एल-१२०० हे टर्नटेबल बाजारात आणले आणि १९७९ साली त्याची दुसरी आवृत्ती काढली, जी पुढे तीन दशके या व्यवसायाची जणू सरकारमान्य मोहर ठरली. त्या आवृत्तीत उजव्या हाताला एक सरकती पट्टी बसवलेली होती, तिला पिच फेडर म्हणत, आणि तिने वेग आठ टक्के कमी-अधिक करता येई. आता हिशेब असा, की वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढला म्हणजे गाणे बरोबर एक अर्धस्वर चढते. मिनिटाला १२० मात्रांचे गाणे १२७ वर नेले तर काळी एकचे पांढरी दोन झाले असे समजावे. ते एक वेळ परवडले, कारण चढून का होईना, ते दुसऱ्या एखाद्या पट्टीत तरी ठीक बसते. खरी पंचाईत अधल्यामधल्या आकड्यांची. १२४ मात्रांचे गाणे १२८ वर नेले तर वेग सव्वातीन टक्क्यांच्या आसपास वाढतो आणि स्वर अर्ध्या अर्धस्वराने, म्हणजे पेटीच्या दोन शेजारी पट्ट्यांच्या नेमक्या मध्ये जाऊन बसतो. मूळ वेगाने चालणाऱ्या कोणत्याही तबकडीशी त्याचे सूत मग जमेना. म्हणून त्या काळच्या चोखंदळ डीजेला एकाच पट्टीची आणि शिवाय एकाच मूळ वेगाची गाणी जवळजवळ ठेवावी लागत, अशा हेतूने की फेडर सरकवायचाच झाला तर दोन्ही तबकड्यांवर सारखा सरकावा. दोघांनी समजूतदारपणे निम्मे निम्मे अंतर चालावे, एकाने थोडे वर आणि दुसऱ्याने थोडे खाली यावे, ही तडजोड लयीच्या बाबतीत चालते. स्वराच्या बाबतीत तिने कवडीचा लाभ होत नाही, कारण दोहोंमधले अंतर तेवढेच राहते.

बेसूर म्हणजे येथे नेमके काय होते, तेही एकदा जवळून पाहावे. नृत्यसंगीताचा सारा डोलारा खर्जाच्या आधारावर उभा असतो. समजा, एका तबकडीचा खर्ज पांढरी चारवर, म्हणजे सेकंदाला सुमारे ४३.७ कंपनांवर आहे, आणि दुसरीचा काळी तीनवर, सुमारे ४६.२ कंपनांवर. दोन्ही एकदम वाजली की सेकंदाला अडीच-पावणेतीन वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. ढोलाच्या मात्रेशी या हेलकाव्याचा काही संबंध नसल्यामुळे छातीशी जाणवणारा तो दणका गढूळ होतो आणि नाचणाऱ्याला पायाखालची जमीन हलल्यासारखी वाटते. यावर व्यवसायाने काढलेला व्यावहारिक तोडगा म्हणजे मिक्सरवरील खर्जाची कळ. नवी तबकडी आत घेताना तिचा खर्ज पुरता उतरवून ठेवायचा, आणि आवर्तनाच्या समेवर एका हाताने जुन्याचा खर्ज काढून दुसऱ्या हाताने नव्याचा भरायचा. हे इतके सफाईने केले जाते की सोहळा कोणाच्या ध्यानीही येत नाही. पण वरच्या सप्तकात पियानो आणि गायिका एकाच वेळी वेगवेगळ्या पट्टीत बोलू लागल्या, तर ती कळ काय करणार?

तेव्हा कानाचे काम वहीत उतरवणे प्राप्त झाले. मात्रांची नोंद ठेवण्याचा परिपाठ आधीपासूनच होता. तबकडीच्या वेष्टनावर कागदाचा चिटोरा डकवून त्यावर वेगाचा आकडा लिहिलेला असे. आता शेजारी छोटी पेटी किंवा विजेचा लहानसा कीबोर्ड घेऊन, गाणे ज्या स्वरावर विसावते तो स्वर दाबून पाहायचा, जुळेपर्यंत एकेक कळ चाचपायची, आणि मग पट्टीचे नावही त्याच चिटोऱ्यावर टिपायचे, असा उद्योग काही मंडळींनी आरंभला. विसाव्या शतकाच्या नवव्या दशकात अमेरिकेतील स्टुअर्ट सोरोका याने 'हार्मोनिक कीज' या नावाने अशा नोंदींचे नियतकालिक चालवले, आणि कोणती पट्टी कोणत्या पट्टीशी जुळते हे एका दृष्टिक्षेपात दाखवणारा तक्ताही काढला. हजारो तबकड्यांची अशी पट्टीवार फर्द बनवणे हे जमाबंदीच्या मोजणीइतकेच चिकाटीचे काम असले पाहिजे, आणि तबकड्यांच्या या मोजणीदारांना त्यांच्या व्यवसायाने पुरेसे मानाचे पान दिले नाही असे मला वाटते.

या तक्त्यापुढचे पाऊल मार्क डेव्हिस याने टाकले. त्याने बनवलेल्या चक्राला कॅमेलॉट चक्र म्हणतात. घड्याळाच्या तबकडीप्रमाणे यात बारा घरे असतात. बाहेरच्या कड्यात बारा मेजर पट्ट्या आणि आतल्या कड्यात बारा मायनर. मेजरला 'बी' आणि मायनरला 'ए' अशी खूण. पांढरी एकची मेजर पट्टी ८बी, तिच्याशी संलग्न असलेली पांढरी सहाची मायनर पट्टी ८ए. एक घर पुढे गेले की षड्ज पंचमावर जातो, एक घर मागे आले की मध्यमावर. नियम इतका सोपा की तो कोणालाही दोन मिनिटांत पाठ व्हावा: त्याच घरात राहा, शेजारच्या घरात जा, अथवा त्याच आकड्याच्या आतल्या-बाहेरच्या कड्यात बदल करा. याहून लांब उडी मारायची झाली तर परिणामाची जबाबदारी आपली. सभेला एकाएकी उचल द्यायची असेल तेव्हा जाणते डीजे आठवरून तीनवर जातात, म्हणजे षड्ज एका अर्धस्वराने चढवतात; पण ही युक्ती रात्रीतून एकदा शोभते.

हे चक्र डेव्हिसने शून्यातून निर्माण केले नव्हते. पंचमांच्या मालिकेचे वर्तुळ निकोलाय दिलेत्स्की याच्या संगीतव्याकरणात सतराव्या शतकाच्या आठव्या दशकात सापडते, आणि योहान डाविड हाइनिखेन याने १७२८ साली ड्रेस्डेन येथे प्रसिद्ध केलेल्या ग्रंथातही मेजर-मायनर पट्ट्यांचे वर्तुळ आहे. हे वर्तुळ मिटते कसे, हा मोठा मनोरंजक प्रश्न आहे. षड्जापासून शुद्ध पंचम घेत घेत बारा वेळा चढत गेलो तर सात सप्तके ओलांडून पुन्हा षड्जावर यायला हवे. प्रत्यक्षात आपण त्याच्या किंचित वर, अर्धस्वराच्या सुमारे चौथ्या भागाइतके वर, जाऊन पोहोचतो. तेवढी चूक बारा पंचमांत थोडी थोडी वाटून टाकावी, म्हणजे प्रत्येक पंचम नकळत उतरावा आणि वर्तुळ बंद व्हावे, ही पाश्चात्त्यांची समसंस्कारित स्वरव्यवस्था. आपल्याकडे कृष्णाजी बल्लाळ देवल या निवृत्त डेप्युटी कलेक्टरांनी नेमक्या या तडजोडीविरुद्ध आवाज उठवला होता. तारेची लांबी मोजून आणि अब्दुल करीम खाँसाहेबांचा कंठ प्रमाण मानून त्यांनी बावीस श्रुतींचा हिशेब मांडला, तो १९१० साली इंग्रजीत ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला, आणि सनदी नोकरीतील न्यायाधीश क्लेमेंट्स यांच्या साह्याने श्रुतींची पेटीही तयार झाली. महसूल खात्यातील अधिकाऱ्याने स्वरांच्या हद्दी ठरवायला बसावे हा योगायोग मला फार गमतीचा वाटतो. देवलांचा आक्षेप तत्त्वतः रास्त होता. तथापि बारा सारख्या घरांचे चक्र नसते तर डेव्हिसचा तक्ताही नसता, आणि पेटीचा जो अंमल मराठी रंगभूमीवर, कीर्तनात आणि भजनात बसला तोही बसला नसता.

पेटीचा विषय निघालाच आहे तर एका आक्षेपाचा निकाल येथेच लावतो. कॅमेलॉटच्या आकड्यांवर संगीतशास्त्राचे पदवीधर नाक मुरडतात. ज्याला पट्टीचे खरे नाव ठाऊक नाही, स्वरलेखन वाचता येत नाही, तो मनुष्य ८ए आणि ९ए असे आकडे पाहून गाणी लावतो, ही विद्या की कारकुनी, असा त्यांचा सवाल. परंतु महाराष्ट्रातील कोणत्याही भजनी मंडळात जाऊन पाहावे. बुवा येतात, मांडी घालतात, आणि पेटीवाल्याला सांगतात, "काळी दोन धरा." बाईंची पाळी आली की तोच पेटीवाला विचारतो, "काळी चार की पाच?" या व्यवहारात युरोपीय स्वरनामांचा उच्चारही होत नाही, कळीचा रंग आणि तिचा क्रमांक एवढ्या दोन खुणांवर पिढ्यान्‌पिढ्या साथसंगत चालत आली आहे, आणि कोणी त्या पेटीवाल्याला कारकून म्हटलेले ऐकिवात नाही. पुढे स्केलचेंजर पेटी आली, तिच्यात तर कळांचा अख्खा पाटा सरकवून पट्टी बदलता येते, आणि वादकाची बोटे आपल्या सवयीच्या जागीच राहतात. ज्याला काम उरकायचे असते तो खूण सोपी करतो. खुणेच्या सोपेपणावरून विद्येची खोली मापणे हा न्याय नव्हे.

उलट चक्राचे नियम आपल्या शास्त्राच्या प्रकाशात पाहिले तर ते परकेही वाटत नाहीत. नऊ किंवा तेरा श्रुतींचे अंतर असलेले स्वर परस्परांचे संवादी, असे नाट्यशास्त्रात सांगितले आहे. तेच षड्ज-मध्यम आणि षड्ज-पंचम भाव, आणि तीच चक्रावरची अलीकडली-पलीकडली घरे. षड्ज पंचमावर नेला तर सातांपैकी एकच स्वर बदलतो, बाकीचे सहा तेच राहतात. एकाच आकड्याच्या मेजर-मायनर जोडीत तर सातही स्वर तेच असतात, केवळ षड्जाचे ठिकाण हलते. बिलावल थाटात धैवताला षड्ज मानून चालू लागावे आणि आसावरी थाट उमटावा, हा मूर्च्छनेचा प्रकार गवयांना नवा नाही. फरक आहे तो अन्यत्र. आपल्या मैफलीत षड्ज रात्रभर तंबोऱ्यात अढळ असतो आणि राग बदलतात. डीजेच्या रात्रीत षड्जच प्रवासाला निघतो.

तो प्रवास कलेच्या पदवीला पोहोचला इंग्लंडात, १९९० नंतरच्या दशकात. स्टोक-ऑन-ट्रेंट येथील शेलीज आणि पुढे मॅन्सफील्डचे रेनेसाँ या नृत्यगृहांतून साशा या डीजेचे नाव झाले, आणि जॉन डिगवीड याच्या जोडीने त्याने १९९४ साली रेनेसाँच्या नावाने तीन चकत्यांचा संग्रह व १९९६ साली 'नॉर्दर्न एक्स्पोजर' हा संग्रह काढला. या मंडळींना ग्रासोची पळवाट नको होती. त्यांच्या आवडीच्या संगीतात लांबलचक आलापीसारखे स्वरांचे थर असत, ताल मध्येच मिनिटभर थांबे आणि उघडे स्वर तेवढे तरंगत राहत. अशा दोन गाण्यांचा संधिकाल तीन तीन, चार चार मिनिटे लांबवायचा तर पट्टी जुळल्याशिवाय गत्यंतर नव्हते. 'नॉर्दर्न एक्स्पोजर' ऐकताना कोणते गाणे कोठे संपले हे पुष्कळदा सांगता येत नाही. स्वरमेळाच्या या पद्धतीचा सर्वांत भरभक्कम दस्तऐवज म्हणून मी याच संग्रहाकडे बोट दाखवीन.

त्याच सुमारास आपल्या गोव्यात एक निराळाच प्रयोग चालला होता. हणजुण्याच्या किनाऱ्यावर उघड्यावर होणाऱ्या नृत्यरात्रींत तबकड्यांचा फारसा उपयोग नसे. उन्हाने त्या वाकत, धूळ खाचेत बसे, आणि परदेशातून एवढे ओझे वाहून आणणेही जिकिरीचे. तेथे आधी कॅसेटी आणि १९८७ साली डॅट टेप निघाल्यानंतर त्या टेपा वाजत. १९७० साली कॅलिफोर्नियातून आलेला आणि पुढे गोवा गिल या नावाने प्रसिद्ध झालेला डीजे अखेरपर्यंत डॅटवरच निष्ठा ठेवून होता. या यंत्रांना वेगाची सरकपट्टी नसे, म्हणून मात्रा जुळवण्याची बात नाही. एक गाणे विरत असताना दुसऱ्याचा तालहीन आरंभ त्यात मिसळायचा, एवढेच हाती. परिणामी जेथे इतर डीजे ढोलाआड लपत, तेथेच यांचे स्वर उघडे पडत, आणि गाण्यांचा क्रम लावताना कानाची परीक्षा होई. या रात्रींतून निपजलेल्या गोवा ट्रान्सच्या रचनाही मग डोळ्यांसमोर असाच वादक ठेवून होऊ लागल्या. आरंभी आणि अखेरीस तालाविना झंकारणारे स्वरांचे पट्टे त्यांत मुद्दाम सोडलेले आढळतात.

यंत्राने स्वर आणि लय यांची फारकत केली ती १९९४ साली, पायोनियर कंपनीच्या सी-डी-जे-५०० या चकतीवादकात. त्यातील मास्टर टेम्पो ही कळ दाबली म्हणजे वेग बदलला तरी स्वर जागचा हलत नसे. यामागची कल्पना तशी जुनी. बेल प्रयोगशाळेत १९६६ सालीच फ्लॅनगन आणि गोल्डन यांनी आवाजाचे सूक्ष्म तुकडे करून ते नव्या कालमापात पुन्हा मांडण्याची एक पद्धत प्रसिद्ध केली होती. आरंभीच्या यंत्रांत ही कळ दाबली की ढोलाचा आघात जरा चिरकल्यासारखा होई, म्हणून जुने लोक तिला हात लावीत नसत. तरीही अधल्यामधल्या पट्टीचे ते जुने दुखणे या कळीने कायमचे बरे केले, हे मान्य करायलाच हवे. येथून पुढे चिटोऱ्यावर लिहिलेली पट्टी रात्रभर खरी राहू लागली.

उरली ती पट्टी ओळखण्याची मेहनत. तीही २००६ साली याकोव व्होरोब्येव याच्या मिक्स्ड इन की या संगणकीय आज्ञावलीने घराघरांत पोहोचवली. संग्रहातली गाणी तिच्या हवाली करावीत आणि तिने प्रत्येकाच्या नावापुढे कॅमेलॉटचा आकडा लिहून द्यावा. असे ओळखणारी यंत्रे कशाच्या जोरावर निवाडा करतात, याची पूर्वपीठिका कॉर्नेल विद्यापीठात आहे. तेथे कॅरल क्रमहान्सल आणि एडवर्ड केसलर यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात श्रोत्यांना आधी एखादी पट्टी मनात ठसेल असे संगीत ऐकवले, मग बारांपैकी एक सुटा स्वर ऐकवला, आणि तो त्या संदर्भात कितपत बसतो याला एक ते सात यांमधला गुण द्यायला सांगितले. मेजर पट्टीत षड्जाला ६.३५ गुण मिळाले, पंचमाला ५.१९, शुद्ध गंधाराला ४.३८, आणि कोमल रिषभाला सर्वांत कमी, २.२३. ही गुणांची फर्द म्हणजे एक साचा झाला. पुढच्या काळातील कित्येक आज्ञावल्या गाण्यातील बारा स्वरांचे बळ मोजतात आणि असा साचा चोवीस पट्ट्यांवर फिरवून, जेथे तो उत्तम बसतो तेथे शिक्का मारतात.

या निवाड्यांत चुका होतात, पण त्या कोणत्या होतात हे पाहण्यासारखे आहे. अशा आज्ञावल्यांची परीक्षा घेणारा मायरेक्स नावाचा उपक्रम इलिनॉय विद्यापीठाच्या पुढाकाराने २००५ पासून चालत आला. त्यात अचूक उत्तराला पूर्ण गुण, पंचमाच्या अंतराने चुकलेल्याला अर्धा, संलग्न मेजर-मायनरमध्ये गफलत करणाऱ्याला ०.३, आणि षड्ज बरोबर ओळखून मेजर-मायनर उलटे सांगणाऱ्याला ०.२ गुण देतात. म्हणजे यंत्राच्या ज्या चुका सर्वांत सहज होतात त्या चक्रावरच्या शेजारच्या घरातल्याच असतात, आणि डीजेच्या हातून त्या बहुधा पचूनही जातात. शेवटचा प्रकार मात्र घातक. ८बीच्या जागी ५ए सांगितला गेला तर तीन घरांचे अंतर पडते, गंधार शुद्ध की कोमल याचा बोभाटा होतो, आणि त्या वेळी आकड्यावर विश्वासून बसलेल्या माणसाला कान कोठे ठेवले होते ते आठवावे लागते.

आपल्याकडील गाण्यांपुढे या यंत्रांची गाडी आणखी अडते. त्यांच्यापाशी साचे दोनच, मेजर आणि मायनर. रिषभ-धैवत कोमल आणि गंधार-निषाद शुद्ध असे भैरवाच्या अंगाचे एखादे चित्रपटगीत पुढे आले, तर ज्या अर्जात दोनच रकाने छापले आहेत त्यावर तिसऱ्या वर्गाचा मनुष्य जसा कोठे तरी खूण करून मोकळा होतो, तसे यंत्र कोणता तरी आकडा देऊन मोकळे होते. मारव्यात पंचमच वर्ज्य असल्याने तर साच्याचा दुसरा आधारस्तंभच नाहीसा होतो. जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचे नवे ठेके करून वाजवणाऱ्याने अशा वेळी आकडा बाजूला ठेवावा, पेटी पुढे ओढावी आणि षड्ज शोधावा, हे उत्तम.

यंत्राने केलेली फर्द हाती आल्यावर सगळेच डीजे सारखे वाजवू लागले, असा आरोप २०१० नंतर वारंवार झाला, आणि त्यात तथ्य नाही असे नाही. ८एच्या घरात चारशे गाणी सापडली की त्यांतून आळसाने कोणतेही उचलता येते. रात्रभर दोन-तीन घरांतच घुटमळणारी, कोठेही न खटकणारी आणि म्हणूनच कोठेही न भिडणारी मैफल मग होते. पण हा आळस कानाच्या काळातही होताच. तेव्हा तो ढोलाच्या सोळा आवर्तनांआड लपत असे, इतकेच.

आता तर ते आवरणही उरले नाही. अलीकडच्या आज्ञावल्या वाजत्या गाण्यातून गायकाचा आवाज, ढोल, खर्ज आणि इतर वाद्ये तिथल्या तिथे वेगळी काढतात. एकाचा नुसता कंठ दुसऱ्याच्या नुसत्या वाद्यांवर बसवणे कोणालाही शक्य झाले आहे, आणि पट्टी न जुळलेला कंठ तर अडाण्यालाही टोचतो. शिवाय आता गाण्याची पट्टीच कळ दाबून अर्ध्या अर्ध्या स्वराने चढवता-उतरवता येते, म्हणजे तत्त्वतः कोणतेही गाणे कोणत्याही घरात राहायला जाऊ शकते. व्यवहारात तसे होत नाही. वाद्ये एक वेळ सोसतात, पण माणसाचा आवाज दोन-तीन अर्धस्वरांपलीकडे ओढला की त्याचे नाक-घसा बदलल्यासारखे वाटते, गायिकेची पोर होते आणि गायकाचा राक्षस. म्हणून जाणते डीजे ही सवलत एका अर्धस्वरापुरती, फार तर दोन अर्धस्वरांपुरती वापरतात, आणि त्याहून दूरच्या पट्टीतले गाणे, ते कितीही लाडके असले तरी, त्या रात्रीच्या यादीतून काढून ठेवतात.